भिंगसाहेब

पिकावरची कीड शोधायला सरकारनं माणसं ठेवली आहेत, आणि ती माणसं शोधायला भिंगसाहेब ठेवले आहेत.

कागदावर त्यांचं पद आधी कृषी पर्यवेक्षक होतं. २०२५ मध्ये सरकारनं पदनामं बदलली. कृषी सहायकांचे सहायक कृषी अधिकारी झाले आणि पर्यवेक्षकांचे उप कृषी अधिकारी. साहेबांनी नवा शिक्का करून घेतला, मोटारसायकल मात्र जुनीच राहिली. गावात कुणी त्यांना जुन्या पदानं हाक मारत नव्हतं, नव्यानंही मारत नाही. गळ्यात काळ्या दोरीला दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, म्हणून भिंगसाहेब. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि असा माणूस प्रत्येक तालुक्यात एखादा तरी निघतो. कुठं भिंगाच्या जागी कपाळावर चढवलेला चष्मा असेल, एवढंच. आमचा जरा जास्त ओळखीचा, कारण गोदाकाठची आमची सव्वा एकर कपाशी त्यांच्या वहीत ‘निश्चित प्लॉट’ म्हणून चढलेली आहे. निश्चित प्लॉट म्हणजे हंगामभर ठरावीक दिवशी येऊन किडी मोजायच्या ते शेत. यात शेतकऱ्याला पैसा मिळत नाही. आमच्या घरातलं मत असं, की लेकीच्या सासरचे येत नाहीत एवढ्या वेळा सरकार येतं आणि चहा मात्र तेवढाच लागतो.

या मोजणीला क्रॉपसॅप म्हणतात. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनच्या नुसत्या शिरा शिल्लक ठेवल्या, तेव्हा सरकारला जाग आली, आणि २००९-१० पासून गावोगाव किडींची नोंद सुरू झाली. खालचा माणूस शेतात जाऊन मोजतो, आकडा संगणकात जातो, परभणीच्या कृषी विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ तो बघून सल्ला देतात, सल्ला मोबाईलवर शेतकऱ्याला येतो. साखळी उत्तम आहे. फक्त तिची पहिली कडी शेतात जायला हवी. ती जाते की नाही, हे बघणं म्हणजे भिंगसाहेबांचं आयुष्य.

त्यांची तपासणी झाडापासून सुरू होत नाही, पँटच्या पायापासून होते. जुलैत सकाळी सोयाबीनमधून चालून आलेला माणूस गुडघ्यापर्यंत दवानं ओला पाहिजे. नंतर गवत वाढलं की पायजम्याला कुसळं पाहिजेत. गोदाकाठची काळी माती बुटाच्या तळाला भाकरीएवढी चिकटते. पाटोदा-आष्टीकडचा मुरमाड माळ तसा चिकटत नाही. त्यामुळे सहायक समोर आला, की साहेब ‘नमस्कार’ म्हणतात ते खाली बघून. नवख्याला वाटतं, काय विनम्र माणूस आहे. एकानं रस्त्यावरच्या डबक्यात हात घालून पँटवर चिखल शिंपडला आणि वही घेऊन हजर झाला. साहेबांनी भिंग लावून डाग बघितले.

“चिखल वरून पडलाय,” ते म्हणाले. “शेतात चिखल खालून लागतो.”

फोनवरची तपासणी वेगळी. “कुठं आहात?” “प्लॉटवरच हाय की साहेब.” साहेब गप्प राहून ऐकत राहतात. समोरचा घाबरून बोलत सुटतो, “मोजायलोय साहेब, अकरावं झाड चालू हाय.” मागं कढईत काहीतरी चर्रर्र करतं. “अकरावं झाड तळायला घातलंय का?” फोन बंद. दहा मिनिटांत तोच माणूस खरोखरच प्लॉटवर पोचतो, आणि मग मात्र भज्यांच्या तेलकट बोटांनी पानं उलटी करून इमानदारीनं मोजतो.

कपाशीची मोजणी अशी: शेतात इकडंतिकडं पसरलेली वीस झाडं घ्यायची, प्रत्येकाचं एक वरचं, एक मधलं, एक खालचं पान उलटं करायचं आणि मागं मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी जे असेल ते मोजायचं. साठ पानं. तुडतुडा तिरका चालतो, पान हललं की दुसऱ्या बाजूला जातो, फुलकिडा तर साध्या डोळ्याला धूळ वाटतो. वाकून वाकून पाठ मोडते. त्यात या माणसांकडं एवढीच कामं नसतात. ठिबकचे अर्ज, फळबागेचे खड्डे, शेतीशाळा, पीक कापणी प्रयोग, शेतकऱ्यांचे ओळखक्रमांक. पाऊस जास्त झाला की पंचनामे आणि पाऊस झाला नाही तरीही पंचनामे. शेजारचं पद रिकामं असेल तर त्याचीही गावं गळ्यात. मग साठ पानांची वीस होतात, विसाची पाच आणि एखाद्या दिवशी शेतच वहीत उगवतं.

अशा वहीतल्या शेतात तुडतुडे किती सापडतात? पानामागं दीड. कधी एक पूर्णांक सहा. फार तर एक पूर्णांक आठ. दोन मात्र कधी होत नाहीत, कारण दोन-तीन तुडतुडे झाले की आर्थिक नुकसानीची पातळी आली. ती आली की वरून फोन येतो, उपाययोजना काय केली त्याचा अहवाल लागतो, बैठक लागते, साहेबांचे साहेब गाडी घेऊन येतात. पातळीच्या जरा खालचा आकडा हे शासकीय सेवेतलं सगळ्यात निवांत ठिकाण आहे; बदली मागावी तर तिथंच.

मग शून्य का लिहीत नाहीत, असं मी एकदा विचारलं. साहेबांनी भिंगातून माझ्याकडं बघितलं.

“निरंक चालत नाही,” ते म्हणाले. “निरंक पाठवलं की वरून विचारतात, निरंक कसं काय? पेपरात तर बातमी आलीय. आकडा पाठवला की विचारतात, आकडा कसा काय आला? तुम्ही काय करत होता?”

“मग तुम्ही काय करता?”

“मी जाऊन बघतो. बघितलं की दोन्हीकडून बोलणी खाता येतात, पण झोप लागते.”

ते हे नुसतं बोलण्यापुरतं म्हणत नाहीत. त्यांना खोटा आकडा पकडता येतो, कारण ऐन उमेदीत तेही सहायक होते आणि त्यांच्या वहीतही एक पूर्णांक सहा तुडतुडे भरपूर बागडले आहेत. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. पण “पाचव्या झाडाजवळ काय होतं रे?” हा प्रश्न ज्या तयारीनं विचारतात, त्यावरून कळतं. खरं मोजलेल्या माणसाला पाचव्या झाडाजवळ मुंगळ्यांचं वारूळ किंवा सुटलेली ठिबकची नळी आठवते. खोट्याला फक्त झाड आठवतं.

निरंक न चालण्यातून एकदा मोठी गंमत झाली. २०१८ मध्ये आपल्याकडं मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके असले की ओळख पटली. आता फोटोवर ठिकाण, तारीख, वेळ उमटते, त्यामुळे घरी बसून फोटो पाठवता येत नाही. एका सहायकाचे चार गावांतले चार फोटो आले. चारही ठिकाणं बरोबर, मका खरा, अळी खरी, तळहातही त्याचाच. साहेबांनी चारही फोटो मोबाईलवर मोठे करून बघितले आणि त्याला बोलावलं.

“तळहात तुझा, हे समजू शकतो. अळी पण तुझीच का?”

तो खाली बघायला लागला.

“पहिल्या गावात हिची चौथी अवस्था होती. दुसऱ्यात पाचवी. चौथ्या गावात पोचेपर्यंत सहावी झाली. चांगलं खाऊ घालतोस. काढ.”

त्यानं खिशातून काड्यापेटी काढली. आत मक्याच्या कोवळ्या पानावर ती गुबगुबीत बसली होती. पेटीला हवा लागावी म्हणून सुईनं भोकंही पाडलेली. वर त्याचं म्हणणं असं: “साहेब, चार गावं पालथी घातली, अळी एकाच गावात निघाली. बाकी तीन निरंक. निरंक चालत नाही, तुम्हीच म्हणाला.” म्हणजे माणूस चार गावं फिरला होता, चारही ठिकाणी खरं बघितलं होतं आणि खरं लिहिता येत नाही म्हणून अळी सोबत नेली होती. यावर साहेबांना रागवावं की पाठ थोपटावी, ते कळेना. शेवटी त्यांनी शिक्षा दिली: पाळलीच आहेस तर पतंग होईपर्यंत पाळ आणि रोज नोंद ठेव. त्यानं ठेवली. अळीचा कोष झाला, कोषाचा पतंग झाला आणि ज्या दिवशी साहेबांना दाखवायला पेटी उघडली, त्या दिवशी तो मंडळ कार्यालयात उडाला. परदेशातून आलेली कीड कृषी खात्याच्याच कार्यालयातून मोकळी सुटायला नको म्हणून दारं-खिडक्या बंद करून चार अधिकारी, एक शिपाई आणि अनुदानाची चौकशी करायला आलेले दोन शेतकरी टॉवेल घेऊन तासभर त्याच्यामागं होते. तो फायलींच्या कपाटामागं गेला. कपाट हलवल्यावर पतंग सापडला आणि सहा वर्षांपूर्वी हरवलेली विहिरीची एक फाईलही.

२०२२ च्या पावसाळ्यात मात्र साहेबांची खरी परीक्षा झाली. त्या वर्षी अंबाजोगाई, केज भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं. उगवून दोन पानं झाली की रात्रीत साफ. दुबार पेरावं तर तेही साफ. शेतकऱ्यांनी घमेली भरभरून गोगलगायी वेचल्या. साहेबांना तिकडं मदतीला पाठवलं होतं. सल्ला होता तो असा: संध्याकाळी गोणपाट ओलं करून बांधाकडेला टाका, पहाटे त्याखाली जमलेल्या वेचा, मिठाच्या पाण्यात टाकून मारा आणि खड्ड्यात पुरा. साहेबांनी माणसं लावून तीन रात्री हे सगळं शिस्तीत करवून घेतलं. चौथ्या दिवशी वरून पाहणी दौरा आला. सकाळी अकराला, टळटळीत उन्हात. गोगलगाय रात्रीची फिरते. उजाडलं की मातीत, दगडाखाली, बांधाच्या गवतात. दौऱ्यातले साहेब शेताच्या मधोमध उभे राहून म्हणाले, “कुठं आहे प्रादुर्भाव?”

साहेबांनी खाऊन उरलेलं एक पान दाखवलं. “पान दिसतंय. कीड दाखवा.” आता कीड होती ती खड्ड्यात. पेपरवाले कॅमेरा लावून उभे. शेवटी साहेबांनी दोघांना खड्डा उकरायला लावला. मिठात मुरलेल्या शंखांचं घमेलं वर आलं, त्याबरोबर वासही आला आणि पाहणी पाच मिनिटांत आटोपली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छान आला होता. घमेलं धरलेले हात साहेबांचेच होते. चेहरा छापला नव्हता.

त्यांचा सगळ्यात जुना वैरी अळी नाही, तालुक्यातला औषध दुकानदार आहे. कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला पातळी वगैरे काही लागत नाही. शेतकरी पिवळं पडलेलं पान नेतो, तो पानाकडं न बघता तीन बाटल्या काढतो: एक किडीची, एक बुरशीची आणि एक ‘टॉनिक’ची. साहेब सांगतात, आधी पाच टक्के निंबोळी अर्क मारा, मित्रकिडी मरू देऊ नका. शेतकरी मान डोलावतो. संध्याकाळी त्याच्या पाठीवर पंप आणि पंपात बाटल्या. यात शेतकऱ्याचं चुकतं, असं मला वाटत नाही. दुकानदार उधार देतो. सल्ला उधार मिळून उपयोग नसतो.

गुलाबी बोंडअळीचा विषय निघाला की मात्र साहेबांचा आवाज उतरतो. बीटी कपाशी २००२ साली आली, २००६ ला तिचं दुसरं रूप आलं, हिरवी बोंडअळी मागं पडली आणि लोकांना वाटलं, आता झालं. पण गुलाबीला त्या बीटीची सवय झाली आणि २०१७ ला तिनं विदर्भ-मराठवाड्यातला कापूस आतून खाल्ला. आतून हे महत्त्वाचं. फुलाच्या पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या दिसल्या, की ती डोमकळी, आत अळी. पण बोंडात शिरली की बाहेर खूण राहत नाही, बोंड वरून टणक आणि हिरवंगार. म्हणून साहेब म्हणतात, बोंड फोडल्याशिवाय बोलायचं नाही. हेच ते घरीही म्हणतात. मुलीला बघायला आलेल्या एका चांगल्या नोकरीतल्या मुलाबद्दल बायकोनं मत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “बाहेरून हिरवं आहे. फोडल्याशिवाय काय सांगू?” स्थळ मोडलं. मुलीनं नंतर स्वतःच पसंत केलेल्या जावयाची त्यांनी अजून पूर्ण तपासणी केलेली नाही असं कळतं.

तर एका सप्टेंबरात त्यांच्या हाताखाली नवी सहायक ताई आली. कृषी पदवीधर, पायात गमबूट, डोक्याला रुमाल. तिचा आमच्या प्लॉटवरून आकडा गेला: वीस बोंडांत तीन अळ्या. म्हणजे पंधरा टक्के, पातळी दहाची. आजूबाजूच्या सगळ्या गावांत तीन, चार, पाच टक्के. वरून फोन: एकाच गावात कसं काय? साहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या बांधावर. आल्याआल्या त्यांनी ताईच्या गमबुटांकडं बघितलं. गमबूट बरबटलेले होते. त्यांचा चेहरा पडला. आकडा खोटा निघावा, अशी त्या दिवशी त्यांची फार इच्छा असावी.

“तोडा वीस,” ते म्हणाले.

ताईनं शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून वीस बोंडं आणली, साहेबांनी पोत्यावर बैठक मारली, खिशातून ब्लेड काढलं. बोंडाच्या शिवणीवर ब्लेड चालवायचं आणि अंगठ्यांनी दोन्हीकडं उकलायचं. पहिलं स्वच्छ, ओली पांढरी सरकी, चांदीसारखी. दुसरं स्वच्छ. चौथ्यात आतल्या पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक आणि सरकीजवळ मळकट भुगा. साहेबांनी भिंग लावलं. अळी तांदळाच्या कणीएवढी आणि पांढरीच होती. गुलाबी रंग तिला पुढच्या अवस्थेत येतो. तिला ब्लेडच्या टोकावर घेऊन त्यांनी ताईला भिंग दिलं. अकराव्यात दुसरी निघाली, ही मोठी होती, अंगावर गुलाबी पट्टे. सतराव्यात तिसरी. विसावं फोडून झाल्यावर साहेब जरा वेळ काही बोलले नाहीत. मग ताईला म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. आता माझी पंचाईत आहे.”

त्या दिवशी ते आमच्याकडून निघाले ते शेजारच्या प्रत्येक गावच्या प्लॉटवर गेले. जिथं तीन टक्के होतं तिथं दहा निघालं, जिथं पाच होतं तिथं वीस. कामगंध सापळ्यांत तर कित्येक ठिकाणी ल्यूरच बदललेली नव्हती. नर पतंगाला बोलवायला वासच नाही, तर आठ पतंगांची पातळी कुठून भरणार? रात्री उशिरापर्यंत त्यांनी आकडे दुरुस्त केले आणि वर पाठवले. आमच्या मंडळाचा रंग नकाशावर एका रात्रीत बदलला. मग बैठक झाली, खुलासा मागवला, गाड्या आल्या. खुलासा मागवला तो साहेबांचा: आठवडाभरापूर्वी पाच टक्के होतं ते एकदम वीस कसं झालं, पर्यवेक्षण कमी पडलं काय? साहेबांनी एका ओळीत उत्तर लिहिलं: होय, मागील आठवड्यात पर्यवेक्षण कमी पडले. सल्ले मात्र वेळेत गेले, आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांची दुसरी वेचणी वाचली.

ताईला त्यांनी त्यानंतर पँट-बूट कधी विचारले नाहीत. उलट इतर सहायकांना तिच्या प्लॉटवर न्यायचे आणि म्हणायचे, बघा, असं वाकायचं असतं. त्यामुळे ती त्या मंडळात कुणालाच आवडेनाशी झाली.

डिसेंबर उजाडला की साहेबांची शेवटची मोहीम. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. शेतात पऱ्हाटी उभी राहिली नाही तर तिची साखळी तुटते. म्हणून फरदड, म्हणजे त्याच झाडांचा पुढचा कापूस, घेऊ नका, डिसेंबरअखेर कपाशी उपटा. बोलायला सोपं आहे. पाणी असेल तर फरदडीचा कापूस चार पैसे देतो आणि उपटायला माणूस मिळत नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातला कोयता ऊसतोडीला जातो, कोण पश्चिम महाराष्ट्रात तर कोण कर्नाटकात. गावात म्हातारी आणि शाळेतली पोरं उरतात. हे साहेबांना माहीत आहे. तरी ते आले आणि म्हणाले, “बप्पा, उपटा की आता.”

“माणसं दाखवा साहेब, उपटतो.”

त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, पऱ्हाटी उपटायचा चिमटा मागितला आणि स्वतः उपटायला लागले. पहिलं झाड आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला कंबरेत कट्कन वाजलं आणि ते झाडाला धरून तसेच राहिले. सहायकानं तेवढ्यात फोटो काढून घेतला होता; ठिकाण, तारीख, वेळ सगळं उमटलेलं. “साहेब, पाठवतो. कपाशी उपटणी मोहिमेस प्रारंभ, क्षेत्र सव्वा एकर.”

“सव्वा एकर कुठलं?” साहेब वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले. “तीन झाडं लिही.”

“अहवालात झाडांचा रकाना नाही साहेब. टक्केवारी मागतात.”

साहेबांनी विचार केला. मग मान तिरकी करून मला विचारलं, “बप्पा, एकूण झाडं किती आहेत हो तुमची?”

मी म्हणालो, ते कोण मोजतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कंबरेला पट्टा बांधून साहेब बांधावर हजर होते, बरोबर दोन सहायक आणि ताई. दोन ओळी त्यांनी घेतल्या, दोन ताईला दिल्या आणि मला म्हणाले, “तुम्ही तिकडून सुरू करा. नांग्या पडलेल्या मोकळ्या जागा पण लिहा.”